रविवारचा डायनर, डिस्को फ्राइज आणि ‘ती गोष्ट वेगळी’

आधी कॉफीचं सांगून टाकतो. पातळ असते. लग्नघरी शेवटच्या पंगतीनंतर जी हाती पडते, साधारण त्या जातीची. पण कप रिकामा राहू देत नाहीत आणि सातव्यांदा भरतानाही कपाळाला आठी पडत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या ओक ट्री रोडच्या गर्दीतून सुटून रूट २७ ला लागलात की थोड्या अंतरावर हा डायनर, म्हणजे रस्त्याकडेचं साधं उपाहारगृह, आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. रविवारी आधीच पाऊण तास ताटकळावं लागतं, त्यात तुमची भर नको.

मी १९९८ च्या डिसेंबरात, वायटूकेच्या (संगणकांच्या २००० सालच्या तारखेच्या घोळाच्या) लाटेत, डोंबिवलीहून इथे येऊन पडलो. गाडी नव्हती. ऑफिसातल्या एकाने पहिल्यांदा इथे आणलं आणि तेव्हापासून माझा रविवार ठरलेला: सकाळी साडेआठ, काउंटरवर डावीकडून चौथं स्टूल. एवढ्या वर्षांत स्टुलाचं लाल रेक्झिन दोनदा बदललं, तरी कडेला चिकटपट्टी आहेच.

मेन्यू म्हणजे पंचांग. सगळं असतं आणि हवं ते सापडत नाही. न्यू जर्सीतल्या बऱ्याच डायनरांसारखा याचाही मालक ग्रीक, त्यामुळे पॅनकेक, लझानिया आणि मूसाका एकाच पानावर सुखाने नांदतात. फार वाचत बसू नका. पालक आणि फेटा घातलेलं ऑम्लेट मागवा. कडा तपकिरी, आत ओलसर, फेटा खारट असल्यामुळे वरून मीठ नको. सोबत होम फ्राइज येतात, म्हणजे बटाट्याच्या फोडी कांद्यासोबत तव्यावर परतलेल्या. त्या ‘चांगल्या भाजून दे’ असं सांगा, नाहीतर पांढऱ्याफटक येतात. राय टोस्टला लोणी सढळ हाताने लावतात. डुकराच्या मांसाच्या एकाच पदार्थाला टेलर हॅम म्हणायचं की पोर्क रोल, यावरून या राज्यात उत्तर-दक्षिण जुना वाद आहे. मी खात नाही, म्हणून तेवढ्या एका बाबतीत मी तटस्थ.

डिस्को फ्राइज मात्र चुकवू नका. तळलेल्या बटाट्यांवर तपकिरी ग्रेव्ही आणि वितळलेलं मोझरेला चीज. ग्रेव्ही बीफची असते, चालत नसेल तर आधी सांगा, नुसत्या चीजच्या देतात. या पदार्थाशी या डायनरचा थोडा इतिहास जोडलेला आहे. तो सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा व्हायचा नाही.

गल्ल्यामागे, पेपरमिंटच्या वाडग्याशेजारी, जुन्या मेन्यूचं एक पान काचेखाली ठेवलंय. जवळ जाऊन बघा. ‘फ्रेंच फ्राइज’मधल्या ‘फ्रेंच’वर एक फिकट चौकोन दिसेल. तिथे २००३ च्या मार्चमध्ये पांढरी पट्टी चिकटवून वर बॉलपेनने ‘फ्रीडम’ लिहिलेलं होतं. इराकवरच्या चढाईला फ्रान्सने विरोध केला म्हणून वॉशिंग्टनला संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहात ११ मार्चला फ्रेंच फ्राइजचं बारसं नव्याने झालं. बॉब नी आणि वॉल्टर जोन्स या दोन रिपब्लिकन खासदारांचा तो उद्योग. माझ्या डावीकडच्या, तिसऱ्या स्टुलावरच्या प्लंबरने त्या आठवड्यातला पेपर काउंटरवर आपटला आणि मालकाला विचारलं, ‘तुझं काय?’ गिऱ्हाईक मोठं. मालकाने पट्टी लावली.

पाचव्या स्टुलावर, म्हणजे माझ्या उजवीकडे, मास्तर बसतो. सरकारी शाळेत तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, पिढीजात डेमोक्रॅट. पट्टी निघेपर्यंत इथले बटाटे खाणार नाही असं त्याने जाहीर केलं. दोन रविवार कोरड्या टोस्टवर काढले. तिसऱ्या रविवारी त्याला शोध लागला की डिस्को फ्राइजच्या नावात ना फ्रेंच आहे ना फ्रीडम. तेव्हापासून तो तेच खातो. डॉक्टरांनी आता बंदी घातली आहे, तरी खातो.

पट्टी वर्षभरात वाफेने सुटून पडली. वॉशिंग्टनच्या उपाहारगृहातही २००६ मध्ये गाजावाजा न करता जुनं नाव परत आलं. जोन्स पुढे त्या युद्धाच्या विरोधात गेला, आपल्या मताचा त्याला पश्चात्ताप झाला आणि मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना तो पत्रं लिहीत राहिला. हे प्लंबरला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘केचप दे.’

माझी खरी पंचाईत २००३ मध्ये झाली, कारण मला १९९९ आठवत होतं. मी नवा होतो, इंग्रजी वाक्यं टिपून ठेवायची सवय होती. त्या वर्षी २४ मार्चला नाटोने कोसोव्होसाठी सर्बियावर बाँब टाकायला सुरुवात केली. अध्यक्ष क्लिंटन, म्हणजे डेमोक्रॅट. तेव्हा प्लंबर म्हणत होता, ‘आपलं काय जातंय तिथे? शिरायचं सोपं, बाहेर कसं पडणार ते आधी सांगा.’ आणि मास्तर म्हणत होता, ‘माणसं मारली जात असताना हात बांधून बसायचं? अध्यक्षाच्या मागे उभं राहायची ही वेळ आहे.’ चार वर्षांनी बगदाद. अध्यक्ष बुश, म्हणजे रिपब्लिकन. आता अध्यक्षाच्या मागे उभं राहायची वेळ प्लंबरची होती आणि बाहेर कसं पडणार हे मास्तर विचारत होता. शब्दसुद्धा तेच. जणू वेट्रेसने चुकून प्लेटींची अदलाबदल केली आणि दोघांनीही खाली न बघता खायला सुरुवात केली.

मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं असेल. पण काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकी संसदेतली, मतं बघा. २८ एप्रिल १९९९ ला प्रतिनिधीगृहात कोसोव्होच्या हवाई मोहिमेला मान्यता द्यायचा ठराव आला. २१३ विरुद्ध २१३. बरोबरी झाली म्हणून ठराव पडला. बाँब पडतच राहिले, ७८ दिवस. डेमोक्रॅटांपैकी १८१ बाजूने, २६ विरोधात. रिपब्लिकनांपैकी ३१ बाजूने, १८७ विरोधात. आता त्याच सभागृहाचं १० ऑक्टोबर २००२ चं इराकवरचं मतदान: रिपब्लिकन २१५ बाजूने, फक्त ६ विरोधात, डेमोक्रॅट ८१ बाजूने, १२६ विरोधात. म्हणजे मधल्या साडेतीन वर्षांत निम्म्या देशाला युद्धाची नैतिकता समजली आणि उरलेल्या निम्म्याला तिचा विसर पडला. तेव्हा आम्हाला वाढणारी बाई आता निवृत्त झाली. तिचा मुलगा २००४ साली नॅशनल गार्डमधून (राज्यांच्या राखीव सैन्यातून) इराकला होता. त्या वर्षी हे दोघं तिच्यासमोर आवाज खाली ठेवून भांडायचे.

सेवेबद्दल: तत्पर. फक्त रविवारी साडेनऊनंतर चर्च सुटलं की विसरा.

मास्तरला मी माणूस म्हणून मानतो, माझ्या मुलीला नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न त्यानेच घोटून घेतले. म्हणून २०११ मधला लिबियाचा वाद मला जास्त लागला. १९ मार्चला ओबामांनी तिथे हल्ले सुरू केले होते. १९७३ चा युद्धाधिकार कायदा मास्तरने तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला. निक्सनचा व्हेटो मोडून काढून काँग्रेसने तो केला: सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवा आणि मान्यता नसेल तर ६० दिवसांत थांबवा. मे महिन्यात ६० दिवस उलटले. जूनमध्ये ओबामा सरकारने सांगितलं की जमिनीवर आपलं सैन्य नाही, समोरून मारा जवळजवळ नाही, तेव्हा कायद्याला अभिप्रेत असलेली ही ‘लढाई’च नव्हे. मास्तरने हा मुद्दा साखरेच्या पुड्या मांडून आम्हाला समजावला. एक पुडी विमान, एक बेनगाझी. एखाद्या पोराने पेपरात हे उत्तर लिहिलं असतं तर त्याने तांबड्या पेनाने आडवी रेघ मारली असती. प्लंबर त्या दिवशी राज्यघटनेवर बोलत होता! युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसला देणारं कलम त्याला तोंडपाठ आहे हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं. २४ जूनला प्रतिनिधीगृहाने लिबियाला मान्यता द्यायचा ठराव १२३ विरुद्ध २९५ ने पाडला. मास्तरच्याच पक्षाचे ७० जण विरोधात गेले. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, म्हणजे पक्षाच्या. तो स्वतः काही हलला नाही.

सगळे एकाच माळेचे मणी, असं म्हणून मोकळं होणं मात्र मला पटत नाही. सीरियाचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळ घौटात विषारी वायूने माणसं मेली. ओबामांनी हल्ल्यासाठी काँग्रेसची परवानगी मागितली आणि प्रकरण तिथेच विरलं. एप्रिल २०१७ मध्ये खान शेखूनमध्ये पुन्हा वायू. ट्रम्पनी परवानगीच्या भानगडीत न पडता शायरात नावाच्या हवाई तळावर ५९ टॉमहॉक क्षेपणास्त्रं सोडली. वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसीच्या पाहणीत अशा हल्ल्याला रिपब्लिकन मतदारांचा पाठिंबा २०१३ मध्ये २२ टक्के होता, २०१७ मध्ये ८६. डेमोक्रॅट ३८ वरून ३७. एका बाजूचा लंबक या टोकाचा त्या टोकाला, दुसऱ्या बाजूचा जागेवर. मास्तरने ती बातमी छापून घडी करून महिनाभर खिशात ठेवली. प्लंबरने २०१३ च्या लेबर डेला इथेच शपथेवर सांगितलं होतं की सीरिया हे आपलं काम नव्हे. त्याची आठवण दिली तर म्हणाला, ‘ती गोष्ट वेगळी. तेव्हा वर कोण बसला होता?’ प्रामाणिक उत्तर म्हणायला हवं. एरवी लोक हे बोलत नाहीत.

पुढे मालकाने मास्तरचीही घडी मोडली. सीरिया सार्वभौम देश आहे, हल्ल्याला कायद्याचा आधार काय, हा प्रश्न २०१७ मध्ये जेन साकी यांनी ट्विटरवर विचारला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन सरकारने सीरियात बाँब टाकले तेव्हा व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या त्याच होत्या. मालकाने फोनवर ते ट्विट काढून पुडीसकट मास्तरसमोर ठेवलं.

मालक स्वतःला या सगळ्याच्या वरचा समजतो. १९९९ मध्ये ग्रीस नाटोत असूनही तिथे रस्त्यावर मोर्चे निघत होते. त्या काळात त्याने काउंटरवरचा टीव्ही बंदच करून टाकला होता. कुणीही कुणाच्या देशात जाऊ नये, हे त्याचं कायमचं मत. मग एकदा प्लंबरने १९७४ काढलं. तुर्कस्तानने सायप्रसवर सैन्य उतरवलं ते वर्ष. मालक भडकला: ‘अमेरिकेचं सहावं आरमार भूमध्य समुद्रातच होतं! एक जहाज आडवं घातलं असतं तरी पुरे होतं.’
‘म्हणजे मध्ये पडायला हवं होतं?’
‘ती गोष्ट वेगळी.’

मी हसलो. ते नडलं. मास्तर स्टूल फिरवून म्हणाला, ‘आणि तुमचं १९७१?’

अहो, खरंच वेगळं होतं! एक कोटी निर्वासित आमच्या दारात होते, ३ डिसेंबरला पाकिस्तानने आधी आमच्या विमानतळांवर बाँब टाकले, तेरा दिवसांत ढाका पडलं आणि काही महिन्यांत आमचं सैन्य परतसुद्धा आलं. मी हे सगळं एका दमात सांगितलं. तिघंही गप्प बसून ऐकत होते. शेवटी प्लंबर म्हणाला, ‘याला एक कॉफी द्या.’ मुक्तिवाहिनीला शिक्षण कोण देत होतं आणि कधीपासून, हे मास्तरने विचारलं नाही म्हणून वाचलो.

श्रीलंकेचा विषय मी काढलाच नाही. १९८७ मध्ये राजीव गांधींनी जाफन्याला शांतिसेना धाडली तेव्हा मी कॉलेजात होतो. आमचे बाबा काँग्रेसवाले, काका जनसंघाच्या मुशीतले. १९७१ ला दोघांनी मिळून वाड्यात पेढे वाटले होते म्हणे. १९८७ ला काका म्हणाले, दुसऱ्याच्या घरात नाक कशाला? बाबा म्हणाले, जवान लढताहेत, आता प्रश्न विचारायचे नसतात. सुमारे १२०० जवान गेले. १९९० मध्ये व्ही. पी. सिंगांच्या सरकारने शेवटची तुकडी परत आणली, तर मद्रासच्या बंदरावर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यावर काका कळवळून बोलले. बाबांनी पेपरची घडी घातली आणि आंघोळीला गेले.

जूनमधला एक रविवार सांगतो आणि थांबतो. २२ जून २०२५. आदल्या संध्याकाळी अमेरिकेच्या सात बी-टू विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर चौदा बंकरफोड बाँब टाकल्याची बातमी आली होती. प्लंबर आता ऐंशीला टेकलाय. नव्या लढाया नकोत म्हणून ट्रम्पना मत दिलं, हे त्याने निवडणुकीपासून ऐकवलेलं. मी स्टुलावर बसायच्या आत तो म्हणाला, ‘एक रात्र. आपला एक माणूस जमिनीवर उतरला नाही. समोरून गोळी नाही. याला लढाई कोण म्हणतं?’ मास्तरने तोंड उघडलं. १९७३ चा कायदा ओठांवर आलेला मला दिसला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली, माझी साखरेच्या पुड्यांकडे. त्याने तोंड मिटलं आणि काटा उचलून डिस्को फ्राइजमध्ये खुपसला. वॉशिंग्टनमध्ये रिपब्लिकन थॉमस मॅसी आणि डेमोक्रॅट रो खन्ना यांनी एकत्र ठराव आणला होता, काँग्रेसला विचारल्याशिवाय हे चालणार नाही म्हणून. ही बातमी मी दोघांना दाखवली. दोघांनीही आपापल्या पक्षाच्या माणसाबद्दल एकच शब्द वापरला. तो इथे लिहिता येण्यासारखा नाही.

गोडात राइस पुडिंग घ्या. खीर समजून खाऊ नका, गार असतं, वर दालचिनी भुरभुरवलेली. दोघांत एक पुरतं, त्या रविवारी चौघांत पुरवलं.

ऑम्लेटला पाचपैकी साडेचार, कॉफीला दोन. पार्किंग मागच्या बाजूला, पण कचऱ्याच्या डब्यांशेजारी लावू नका, गाडी काढता येत नाही. टिप रोख द्या. बूथ मोठे आहेत, मुलाबाळांसकट सहाजण मावतात. काउंटरवर बसलात तर डावीकडून तिसरं, चौथं आणि पाचवं स्टूल सोडून बसा.