हंटिंग्टन: डीबीएस की जीन थेरपी?

हंटिंग्टन (मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार) झालेल्या भावासाठी डीबीएस (मेंदूत तारा बसवून विजेची सौम्य उत्तेजना देणं) निवडावं की जीन थेरपी (जनुकाच्या पातळीवरचा उपचार), असं एका ताईंनी विचारलंय. दोन्ही शस्त्रक्रिया या आजारात अजून प्रायोगिकच आहेत.

डीबीएसमध्ये ग्लोबस पॅलिडस या मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड आणि छातीत कातडीखाली बॅटरी बसवतात. हातापायांचे आपसूक येणारे झटके कमी होऊ शकतात. पण विस्मरण, चिडचिड, आजाराची आगेकूच थांबत नाही. बोलणं, चालणं बिघडूही शकतं. जमेची बाजू म्हणजे करंट कमी-जास्त करता येतो, बंदही करता येतो. मात्र सेटिंगसाठी वारंवार खेपा आणि पुढे बॅटरी बदलण्याचा खर्च धरा.

एएमटी-१३० ही जीन थेरपी मुळावर घाव घालते. एमआरआय पाहत कॉडेट-पुटामेन या मेंदूच्या खोल भागांत विषाणूवाहक (जनुक पोचवणारा निरुपद्रवी केलेला विषाणू) सोडतात, तो या आजाराच्या मुळाशी असलेलं हंटिंग्टिन प्रथिन घटवतो. ऑपरेशन १२ ते १८ तासांचं, एकदाच, आणि मागे फिरणं नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेली आजाराची आगेकूच ७५ टक्के मंदावण्याची बातमी वाचून हुरळू नका: तीन वर्षं पूर्ण केलेले जास्त डोसचे रुग्ण जेमतेम १२, आणि तुलना चाचणीबाहेरच्या रुग्णांच्या नोंदींशी.

लक्षणं नुकती सुरू झाली असतील, तर जीन थेरपीच्या चाचण्यांवर लक्ष ठेवा. झटक्यांमुळे घास तोंडात जात नसेल, औषधं थकली असतील आणि बुद्धी बऱ्यापैकी शाबूत असेल, तर अनुभवी न्यूरोसर्जनशी डीबीएसबद्दल बोला.