कॅप कॅल्क्युलेटर अ‍ॅप: मार्चमध्ये झोप उडवणारं खेळणं (5 पैकी साडेतीन स्टार)

एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगची, फ्री एजन्सी (करार संपलेले खेळाडू नवी टीम शोधतात तो काळ) सुरू झाली की मी दोन आठवडे बाकी कामाचा राहत नाही, त्यामुळे हे अ‍ॅप घेतलंच. आपली टीम निवडायची, मग कोणाला कापायचं (टीममधून सोडायचं), कोणाच्या कराराचं रिस्ट्रक्चर (पगाराची फेरमांडणी) करायचं, कोणाला साइन करायचं, आणि वर कोपऱ्यात उरलेल्या कॅपचा, म्हणजे टीमच्या पगार-मर्यादेचा, आकडा पळत असतो. 2025ची कॅप 27.92 कोटी डॉलर, ऐकायला डोंगराएवढी, पण न्यू ऑर्लिन्स सेंट्सची टीम घेऊन बसा म्हणजे कळेल, सुरुवातच लाल आकड्यातून.

रिस्ट्रक्चरचं बटण मात्र एक नंबर. खेळाडूचा बेस पगार 2.5 कोटी, त्यातले 2 कोटी बोनसमध्ये टाकले की ते पाच वर्षांत वाटले जातात, वर्षाला 40 लाख, म्हणजे यंदा 1.6 कोटी मोकळे. करारात तीनच वर्षं उरली असतील तर अ‍ॅप विचारतं व्हॉइड वर्षं (फक्त हिशेब लांबवायला जोडलेली नावापुरती वर्षं) जोडू का, आणि हो म्हटलं की खाली लगेच दाखवतं की करार संपला की उरलेले 80 लाख एकदम अंगावर येणार. ते लाल अक्षरात बघितलं की हात जरा आखडतो. मी तरी दाबलंच म्हणा, उधारीची सवय वाईट.

डेड मनीची (सोडलेल्या खेळाडूचे कॅपवर उरलेले पैसे) परीक्षा घ्यायची म्हणून ब्रॉन्कोस टीमने 2024मध्ये रसेल विल्सनला सोडलं तो प्रकार घातला, तर बरोब्बर 5.3 कोटी त्या वर्षी आणि 3.2 कोटी पुढच्या वर्षी आलं. खूश झालो.

आता रडगाणं. 1 जूननंतरचा कट (यात डेड मनी दोन वर्षांत विभागला जातो) म्हणून खेळाडू मार्चमध्येच सोडता येतो, टीमला असे दोघेच, हे अ‍ॅपला माहितीये, पण सुटलेले पैसे ते त्याच क्षणी हातात देतं!! अहो ते पैसे 2 जूनला मिळतात, तोपर्यंत त्या माणसाचा पूर्ण आकडा कॅपवर बसलेला असतो, आणि चांगले खेळाडू तर मार्चमध्ये फ्री एजन्सीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच उचलले जातात. म्हणजे जो कॉर्नरबॅक मी ऐटीत साइन केला तो खऱ्या जनरल मॅनेजरला परवडलाच नसता.

दुसरं म्हणजे टॉप 51. सीझन सुरू होईपर्यंत सगळ्यात महागडे 51 करारच मोजतात. 1 कोटीवाला आला की 9.6 लाखांचा तळाचा माणूस यादीबाहेर जातो, म्हणजे खरा खर्च 90.4 लाख. अ‍ॅप सरळ 1 कोटी वजा करतं. सहा खेळाडू घेतले तर साठेक लाख हवेत गेले, तेवढ्यात एक बॅकअप गार्ड आला असता की राव. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की अ‍ॅप डिलीट करून परत टाका. त्याने हिशेब कसा बदलणार देव जाणे.

जाहिराती जरा जास्तच, त्याही नेमक्या साइन करताना. फोनवर कराराचा तक्ता बाजूला सरकवताना भलताच खेळाडू कापला जातो आणि अनडू नाही, मी असा एकदा स्वतःचाच क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा मुख्य खेळाडू, सोडला. सेव्ह करत चला.