एचडीपीईचा कॅन की पेटची बाटली?

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत तेल किंवा फिनाईल भरायचा धंदा काढणाऱ्या आपल्या मंडळींपुढे हा प्रश्न येतोच. एचडीपीई आणि पेट ही दोन जातींची प्लास्टिकं. कॅन आणि बाटली दोन्ही हवेनेच फुगवतात, रीत मात्र निराळी.

कॅन होतो एक्स्ट्रूजन ब्लो मोल्डिंगने. डाय, म्हणजे यंत्राच्या आकार देणाऱ्या तोंडातून, वितळलेल्या एचडीपीईची गरम नळी, म्हणजे पॅरिसन, खाली लोंबते. साचा तिच्यावर मिटतो, तळ चिमटून बंद होतो आणि हवा सोडली की माल साच्याच्या भिंतींना जाऊन चिकटतो. कॅन उलटा करून पाहा, तळाला आडवी शिवण दिसेल. ती कच्ची राहिली तर कॅन पडताच तिथून उलतो. म्हणून खरेदीला जाल तेव्हा आधी ही शिवण तपासा, भावाचं नंतर बोला. कडेला चेपून निघालेला जादा माल, म्हणजे फ्लॅश, दळून पुन्हा मालात जातो. पोकळ हँडल अंगचंच येतं, हा मोठा फायदा.

पेटचा आधी इंजेक्शनने, म्हणजे वितळलेला माल दाबाने साच्यात भरून, प्रीफॉर्म बनतो: गळ्याचे आटे तयार असलेला, बाटलीचा जाडसर कच्चा नमुना. तो साधारण 100 अंशांना तापवून रॉडने ताणतात आणि 25 ते 40 बार दाबाच्या हवेने फुगवतात. या ताणामुळेच बाटली पातळ असूनही चिवट आणि पारदर्शक होते. प्रीफॉर्म विकत मिळतात, त्यामुळे लहान कारखान्याला हे सोयीचं. खाद्यतेलाला मी पेटच सुचवेन.

पण पेटमध्ये उकळतं काही भरू नका, ती आकसते. कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावणही तिला खातं. त्याला एचडीपीईच हवं. पाच लिटर फिनाईललाही तेच, ओल्या हाताने उचलायला हँडल लागतं.