दोन देश, एक देश की महासंघ? इस्रायल-पॅलेस्टाईनसाठी कोणती वाट धरावी

इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांना शांतता आणि न्याय दोन्ही मिळावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यापुढे आज तीन मुख्य आराखडे आहेत. कुठला उचलून धरायचा हे ठरवताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत. रक्तपात थांबेल का? आणि १९४८ साली घरदार सुटलेल्या सुमारे सात लाख पॅलेस्टिनींच्या वंशजांच्या हाती काय पडेल?

दोन स्वतंत्र देशांचा तोडगा सर्वांत ओळखीचा. सीमा १९६७ च्या युद्धाआधीची, थोड्या जमिनीची अदलाबदल आणि पॅलेस्टाईनची राजधानी पूर्व जेरुसलेम. भारतानं १९८८ सालीच पॅलेस्टाईनला मान्यता दिली; सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियानंही दिली. दोन्ही समाजांना आपापलं राज्य मिळतं, म्हणून रक्तपात थांबण्याची शक्यता इथे बरी दिसते. पण ज्या जमिनीवर हे राज्य उभं राहायचं ती हातातून निसटते आहे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो शांतता कराराच्या वेळी वेस्ट बँकेत, म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्रायलनं ताब्यात घेतलेल्या भूभागात, लाखाच्या थोडे वर इस्रायली वसाहतवाले होते. आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत, पूर्व जेरुसलेममधले दोन लाखांहून अधिक वेगळेच. वेस्ट बँकेचा सुमारे साठ टक्के भाग, म्हणजे 'क्षेत्र सी', पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात आहे. निर्वासितांच्या बाबतीतही हा आराखडा तोकडा पडतो: दोन्हीकडच्या लोकांनी अनौपचारिकपणे तयार केलेल्या २००३ च्या जिनिव्हा मसुद्यात भरपाई होती, नव्या पॅलेस्टाईनमध्ये जागा होती, पण आज इस्रायलमध्ये असलेल्या हैफा किंवा याफाला परतण्याचा हक्क जवळपास नव्हता.

एकच देश, सर्वांना एक मत, ही कल्पना न्यायाच्या कसोटीवर सर्वांत सरळ आहे. जॉर्डन नदी आणि समुद्र यांच्यामध्ये ज्यू आणि पॅलेस्टिनी जवळजवळ समसमान, प्रत्येकी सत्तर लाखांच्या घरात आहेत. खरी सत्ता आजही एकाच सरकारची आहे, कायदे मात्र दोन: वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतवाल्याला नागरी न्यायालय, शेजारच्या पॅलेस्टिनीला लष्करी. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पॅलेस्टिनी भूभागावरचा हा १९६७ पासूनचा ताबाच बेकायदा असल्याचं मत दिलं. तरी मला ही वाट आज पेलणारी वाटत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली, त्यानंतर गाझात साठ हजारांहून जास्त. या दोन समाजांनी एकाच सैन्याच्या भरवशावर झोपावं, तर त्या सैन्याचा हुकूम कोण देणार? याचं पटणारं उत्तर एक-देशवाद्यांकडून मला मिळालेलं नाही.

तिसरा आराखडा महासंघाचा. 'अ लँड फॉर ऑल' ही इस्रायली आणि पॅलेस्टिनी कार्यकर्त्यांची चळवळ २०१२ पासून तो मांडते आहे. देश दोन, सीमा १९६७ ची, पण ती टप्प्याटप्प्यानं खुली. पॅलेस्टिनी माणूस इस्रायलमध्ये राहू शकेल, मत मात्र पॅलेस्टाईनमध्ये देईल. वसाहतवाल्याला राहायचं असेल तर पॅलेस्टाईनचा कायदा पाळून राहावं. जेरुसलेम दोघांची राजधानी. म्हणजे परतण्याच्या हक्काला जागा मिळते आणि कुणाला उखडून काढावं लागत नाही. या विचाराच्या जवळ भारत पूर्वी उभा होता: १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्य सुचवलं होतं. ते तेव्हा मागे पडलं. आजही कुठल्याही मोठ्या इस्रायली पक्षानं महासंघ आपला म्हटलेला नाही, आणि खुली सीमा एका आत्मघाती हल्ल्यानं बंद होऊ शकते. ही भीती खरी आहे. कोकणातून इस्रायलला गेलेली बेने इस्रायल ज्यू कुटुंबंही याच भीतीसह तिथे राहतात.

माझा कल तरीही महासंघाकडे आहे, कारण दोन्ही प्रश्नांना काही ना काही उत्तर तोच देतो. पण त्याचाही पाया दोन देशांचाच आहे, आणि पॅलेस्टाईनला सलग जमीन उरली नाही तर दोन्ही आराखडे कागदावरच राहतील. ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलनं पूर्व जेरुसलेम आणि माले अदुमिम ही इस्रायली वसाहत यांच्यामधल्या 'ई-१' पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी दिली. तिथे बांधकाम झालं, तर रामल्ला आणि बेथलेहेम यांच्यातला सलग पॅलेस्टिनी भूभाग तुटतो. दोन देशांना पाठिंबा असल्याचं सांगणाऱ्या प्रत्येक सरकारला, आपल्याही, आधी विचारावं: ई-१ थांबवण्यासाठी तुम्ही काय करणार आहात?