बंद पडलेलं अणुवीज केंद्र: लगेच मोडायचं की कुलूप लावून ठेवायचं?

अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या व्हर्नन या छोट्या गावाने एकाच केंद्राबद्दल दोन्ही बेत पाहिले. कनेक्टिकट नदीकाठचं व्हर्माँट यँकी १९७२ पासून वीज देत होतं. २९ डिसेंबर २०१४ ला ते कायमचं बंद झालं. तेव्हाचे मालक एन्टर्जी. त्यांचा बेत असा, की इंधन काढून घ्यायचं, इमारती बंद करून राखण ठेवायची आणि मोडतोड नंतर कधीतरी. मोडणी पूर्ण होऊन केंद्राचा परवाना संपायला २०७५ उजाडलं असतं. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र नॉर्थस्टार कंपनीकडे गेलं आणि हीच तारीख २०३० वर आली. भट्टी तीच, पण मध्ये दोन पिढ्यांचं अंतर.

तुमच्या गावाशेजारचं केंद्र बंद होत असेल आणि जाहीर सभेत मत मांडायचं असेल, तर आधी थांबण्याची बाजू नीट ऐकून घ्या. ती पोकळ नाही. भट्टीच्या पोलादात तयार झालेलं कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य दर सव्वापाच वर्षांनी निम्मं होतं; पन्नास वर्षांत ते सातशेव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे पुढे जो कामगार कटर घेऊन आत जाईल, त्याच्या अंगावर येणारा किरणोत्सार खूपच कमी असेल. मोडणीसाठी गुंतवलेला निधीही तोवर वाढतो. पण सीझियम-१३७ हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य पन्नास वर्षांनीही जवळपास एक तृतीयांश उरतं आणि निकेल-६३ चं अर्धायुष्यच, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळच, शंभर वर्षांच्या घरात आहे. शिवाय भट्टीच्या आतले भाग आज पाण्याखाली, लांबून चालवायच्या यंत्रांनी कापता येतात. त्यामुळे कोबाल्टचा मुद्दा खरा असला, तरी चाळीस वर्षांपूर्वी त्याचं जेवढं वजन होतं तेवढं आता राहिलेलं नाही.

थांबण्याच्या बाजूने अलीकडे आणखी एक मुद्दा आला आहे. मिशिगनचं पॅलिसेड्स मे २०२२ मध्ये बंद झालं आणि मोडण्यासाठीच विकलं गेलं. नव्या मालकाने मात्र ते पुन्हा चालू करायचं ठरवलं आणि २०२५ मध्ये नियामकाने तशी मुभा दिली. भट्टी कापल्यावर हा रस्ता बंद होतो. पण असं क्वचितच घडतं; त्या आशेवर गावाने आपलं मत ठरवू नये.

लगेच मोडण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा किरणोत्साराचा नाही, माणसांचा आहे. कोणता व्हॉल्व्ह गळायचा, कुठल्या खड्ड्यात काय सांडलं होतं, हे सगळं नकाशावर नसतं. तिथे वीस-तीस वर्षं काम केलेल्या माणसांना ते ठाऊक असतं. व्हर्माँट यँकीतच पाहा. आमच्याकडे जमिनीखालून किरणोत्सारी द्रव नेणारे पाइप नाहीत, असं केंद्राच्या वतीने राज्याला सांगितलं गेलं होतं. जानेवारी २०१० मध्ये तपासणीच्या विहिरीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, सापडल्याचं जाहीर झालं, शोध सुरू झाला आणि जमिनीखालचे पाइप निघाले. केंद्र चालू होतं, माणसं कामावर होती, तरी ही गत. २०६० मध्ये तिथे खोदणाऱ्याला कोण सांगणार होतं?

आता देखरेख, कारण माझ्या मते खरा निर्णय इथेच आहे. केंद्र बंद झाल्यावर दोन वर्षांच्या आत कंपनी मोडणीचा आराखडा अमेरिकेच्या नियामकाला, न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनला, म्हणजे एनआरसीला देते. एनआरसी तो तपासते, जाहीर सभा घेते. पण त्यावर मंजुरीची मोहोर उठवत नाही. आराखडा दिल्यापासून नव्वद दिवसांनी मोठं काम सुरू करता येतं. मंजुरी लागते ती शेवटी, परवाना संपवण्याच्या योजनेला. बहुतेकांना हे उशिरा कळतं. कायम तिथेच असणारे निरीक्षकही केंद्र बंद झाल्यावर काही काळाने जातात आणि तपासणी प्रादेशिक कार्यालयातून, फेऱ्यांनी होते. काम चालू असेल तर फेऱ्या वाढतात, कुलूप असेल तर कमी होतात.

लगेच मोडणं म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रेत ३ ऑगस्ट २०१८ ला वापरलेल्या इंधनाचा अवजड डबा जमिनीतल्या साठवणविवरात उतरवताना आतल्या कड्यावर अडकला. दोर सैल पडले, तरी डबा खाली पोचला असंच वर सगळ्यांना वाटत होतं. तो बराच वेळ सुमारे १८ फूट उंचीवर नुसता टेकून होता. लोकांना हे कळलं ते काही दिवसांनी, नागरिकांच्या सभेत एका कामगाराने उठून सांगितलं तेव्हा. पुढे एनआरसीने १,१६,००० डॉलर दंड केला. घाईचं काम आणि कंत्राटी माणसं एकत्र आली, की अशी सभा फार मोलाची ठरते.

म्हणून माझं मत लगेच मोडण्याच्या बाजूने आहे, पण अटी लेखी घेऊनच. मोडणाऱ्या कंपन्या बहुधा त्या एका केंद्रापुरती वेगळी कंपनी काढतात. निधी संपला तर मागे कोण उभं राहणार, याची हमी व्हर्माँटने मालकी बदलतानाच मागून घेतली. ती वेळ चुकवू नका, परवान्याचं हस्तांतर झाल्यावर गावाचा जोर ओसरतो. दुसरी अट स्वच्छतेची. जागा मोकळी सोडायला अमेरिकी संघराज्याची मर्यादा वर्षाला २५ मिलिरेम (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) आहे. मेन राज्याने आपल्या मेन यँकी या केंद्रासाठी कायदा करून ती १० वर आणली, त्यातही भूजलातून ४ पेक्षा जास्त नाही.

एक गोष्ट दोन्ही पर्यायांत सारखीच राहते. मेन यँकीची मोडणी २००५ मध्ये पूर्ण झाली, पण वापरलेल्या इंधनाची ६० पिंपं आजही तिथेच पहाऱ्यात उभी आहेत. व्हर्ननला ५८ आहेत. सरकारने ३१ जानेवारी १९९८ पासून हे इंधन उचलायला सुरुवात करायची होती. "जागा मोकळी होईल" असं कुणी म्हणालं, तर पिंपांचा चौथरा त्यात धरला आहे का, ते विचारा.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, व्हर्माँट यँकीसारख्याच जनरल इलेक्ट्रिकच्या घडणीच्या. आपल्याकडे मोडणीसाठी युनिटमागे २ पैसे बाजूला काढले जातात आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची संमती लागते. बोईसर-पालघरच्या वाचकांनी हे सगळं आपल्यासाठीच लिहिलंय असं समजावं.

सभेला जाताना एक मागणी हातात ठेवा. सांडलवंड आणि गळतीच्या नोंदी ठेवणं अमेरिकेत केंद्राला नियमानेच बंधनकारक आहे. त्या नोंदी पाहायला मागा, आणि निवृत्त होणाऱ्या ऑपरेटर-फिटरांना बरोबर घेऊन आवार चालून त्या पडताळल्या आहेत का, ते विचारा. पहिल्या दोन वर्षांतच विचारा, ही माणसं गाव सोडून जाण्याआधी.