वाटीचा घोळ: कॅलरी ॲप, बँड आणि वजनकाटा, अकरा महिन्यांनंतर

फीचर सगळ्यांना माहीत आहेत, त्यात वेळ घालवत नाही. ॲपची वर्षाची वर्गणी 2,999, बँड 2,499, ब्लूटूथचा वजनकाटा 1,799. सव्वासात हजारांचा मामला. सुरुवातीला वजन 84.6 होतं, सहा महिन्यांत 73.2 वर आलं. आज सकाळी 79.1. मधल्या चार महिन्यांत कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाची फेरी एकदाही चुकवलेली नाही, पावसात छत्री घेऊन चाललोय, आणि खाल्लेला प्रत्येक घास ॲपमध्ये टाकलाय. हिरवा टिकमार्क एकशे बावीस दिवस सलग. तरी सहा किलो परत.

पहिला संशय काट्यावर. मी शिरोली एमआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे, मोजमाप ही आमची रोजीरोटी. काटा गाडीच्या डिकीत टाकून कारखान्यात नेला, कॅलिब्रेशनची 20 किलोची तीन वजनं ठेवली. 60.05 दाखवलं. काटा चोख निघाला, तोंडात मारल्यासारखं झालं. फक्त त्यातल्या चरबीच्या टक्क्याकडे बघू नका. सकाळी 27, संध्याकाळी 24. तो आकडा अंगातून बारीकसा करंट सोडून काढतात, पाणी प्यालं की बदलतो.

मग थायरॉईड तपासून घेतलं. टीएसएच नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "घरचं जेवण एकदा नीट मोजा." मला राग आला. अकरा महिने दुसरं काय करतोय?

आता मुख्य तक्रार. वाटी.

ॲपमध्ये आमटी, उसळ, भाजी सगळं वाटीत आहे. वाटी म्हणजे 150 मिली, हे सेटिंगच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात. आमच्या घरातली स्टीलची वाटी आईच्या लग्नातली. मोजपात्रानं पाणी ओतून बघितलं, काठोकाठ 210. म्हणजे मी रोज दीड वाटीला वाटी म्हणत होतो, जवळपास. कस्टमर केअरला मेल केली, वाटीचं माप बदलायची सोय द्या म्हणून. उत्तर: "मूल्ये अंदाजे आहेत." दुसरी मेल, वाटीचा फोटो जोडून, शेजारी स्केल ठेवून. उत्तर: "तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे." तिसरीला तिकीट बंद. अंदाजे आहेत तर मग स्क्रीनवर 1,687 कशाला दाखवता राव? आमच्याकडे लीस्ट काउंट (उपकरण दाखवू शकतं ते सगळ्यात लहान माप) आणि अचूकता यातला फरक पहिल्या आठवड्यात शिकवतात. शेवटचा आकडा दिसतो म्हणून माप बरोबर असतं असं नाही.

रस्स्याची तर वेगळीच गंमत. तांबडा त्यांच्याकडे "मटण करी, एक बाऊल" आहे, पांढऱ्याला मी "सूप" निवडत होतो. काजू, तीळ, खोबऱ्याचं दूध घातलेलं सूप! आणि कोल्हापुरात एक बाऊलवर कोण थांबतं? वाढपी विचारत नाही, ओततो.

(वाटीची आणि रस्स्याची ही तक्रार मागच्या महिन्यात लिहून ठेवली होती, ॲपला एक स्टार देऊन. आता थोडं बदलावं लागतंय.)

वाटीच्या नादात मी तेलाकडे बघितलंच नव्हतं. आईला विचारलं, एका भाजीला तेल किती घालतेस? "आता मी काय मोजून घालतो व्हय? डोळ्यानं बघून घालतो." मग उलटा हिशोब केला. पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो, माणसं चार. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. माणशी दिवसाला 38 ग्रॅम. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 340. ॲपच्या नोंदींत माझ्या नावावर तेल किती? जेमतेम 15 ग्रॅम. रोजचा दोनशेचा फरक इथंच गेला. वर 73 ला पोचल्याच्या आनंदात रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध परत सुरू केलं होतं, पाव लिटर. ॲपमध्ये "दूध, एक ग्लास" हे टोन्डचं आहे. कट्ट्यावरच्या दुधाच्या कॅलरी त्याच्या जवळपास दुप्पट. ही चूक माझी, ॲपची नाही. लिहायला जिवावर येतंय, पण आहे.

मग पहिल्या सहा महिन्यांत उतरलं कसं? तेव्हा टार्गेट 1,500 चं होतं. तीन-चारशे जास्त जाऊनही शरीराच्या गरजेपेक्षा कमीच पडत होतं. चूक होती, पण झाकली जात होती. टार्गेट मेंटेनन्सवर, म्हणजे आहे ते वजन राखण्यावर गेलं आणि ती उघडी पडली.

वर शरीर स्वतःच काटकसर करतं म्हणे. अमेरिकेतल्या वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांचा अभ्यास 2016 मध्ये आला. सहा वर्षांनीही त्यांचं शरीर स्वस्थ बसून अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. माझे काही त्यांच्यासारखे पन्नास-साठ किलो उतरलेले नाहीत, पण 84 च्या माणसाला लागतं तेवढं 73 च्या माणसाला लागत नाही, एवढं तरी खरं.

उरला बँड, आणि माझं खरं भांडण आता याच्याशी आहे. रंकाळ्याच्या फेरीचे हा 410 दाखवतो आणि ॲप तेवढं खायला परवानगी देतं. मी ती इमानदारीत खाल्ली. शनिवारी मिसळीत. माझ्या वजनाचा माणूस पाच किलोमीटर चालला तर जास्तीचे दोनशेच्या आसपास जळतात. बाकीचे घरात बसून राहिलो असतो तरी जळलेच असते, आणि ते रोजच्या टार्गेटमध्ये आधीच धरलेले असतात. एकच गोष्ट दोनदा मोजायची. स्टॅनफर्डवाल्यांनी 2017 मध्ये सात बँड-घड्याळं तपासली, नाडीच्या ठोक्यांना बहुतेक बरी निघाली, कॅलरीत सगळ्यात चांगलं होतं तेही सरासरी 27 टक्के चुकलं. हे खोक्यावर छापत नाहीत.

सध्या: व्यायामाच्या कॅलरी परत देणारं बटण बंद केलं. 450 रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा आणला, तो या सगळ्यांत कामाचा निघाला. तेल आठवड्याचं वेगळ्या बाटलीत काढून ठेवतो. बायको म्हणते, "आता मीठपण मोजा." गेल्या दोन आठवड्यांत 79.9 वरून 79.1.

ॲपची वर्गणी पुढच्या महिन्यात आपोआप कापली जाणार होती, ऑटो-पे बंद केलं. वजनकाट्याला चार स्टार. बँड आईला दिला. रात्री बघतो तर ओट्यापाशी उभ्या उभ्या तिचे नऊ हजार स्टेप झालेले. हा भाकरी थापतानाही मोजतो.