नऊ महिने एकच क्लोन, बिल मात्र दरमहा नवं

बॅकअप तपासायचं काम बाहेरच्या माणसाला दिलं असेल, तर हे वाचा. आम्ही महिन्याला १८,००० रुपयांप्रमाणे नऊ महिने पैसे मोजले. काम एकदाच झालं होतं.

आमचं ऑफिस एरंडवण्यात, माणसं अकरा. पतसंस्थांचे हिशेब आमच्या सॉफ्टवेअरवर चालतात, म्हणजे खातेदारांचे पॅन, आधार, सगळं आमच्याकडे. स्टोरेज झेडएफएस या फाइल सिस्टिमवर आहे आणि रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची गोठवलेली प्रत, निघतो. पण स्नॅपशॉट निघाला म्हणजे डेटा परत मिळेलच असं नाही. त्याचा क्लोन, म्हणजे लिहिता येईल अशी प्रत, काढून टेस्ट सर्व्हरला जोडायचा, माउंट करायचा (डिस्कसारखा उघडायचा) आणि डेटाबेस उठतो का ते बघायचं, तेव्हा कुठे कळतं. क्लोन मूळ ब्लॉकच वापरतो, त्यामुळे सुरुवातीला जागाही जवळपास लागत नाही. तास-दीड तासाचं काम.

हे काम करणारा गृहस्थ ओळखीतून आला. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मॅडम, क्लोनमध्ये खरा डेटा असतो. टेस्ट सर्व्हर वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, इंटरनेट बंद, आणि लॉगिन एकाच माणसाचं." मला पटलं. उलट माणूस जबाबदार वाटला. तो एकच माणूस म्हणजे तो स्वतः, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

दर महिन्याला पीडीएफ यायची. माउंटच्या कमांडचा स्क्रीनशॉट, खाली डीएफचं, म्हणजे डिस्क किती भरली ते दाखवणाऱ्या कमांडचं, आउटपुट, त्याखाली हिरव्या अक्षरांत 'यशस्वी'. मी एक्सेलमध्ये खूण करायची आणि बिल सरांच्या टेबलावर ठेवायची. इतकं नीटनेटकं काम आमच्या सीएकडूनही येत नाही.

फेब्रुवारीत स्टोरेज ९१ टक्के भरलं आणि सगळं मंदावलं. जुने स्नॅपशॉट पुसायला बसले, तर जूनमधला एक पुसलाच जाईना. त्यानं एकट्यानं ९०० जीबी अडवून ठेवले होते. संदेश आला की या स्नॅपशॉटवर अवलंबून क्लोन आहे. त्या गृहस्थाला फोन केला. "असू द्या मॅडम, तो बेसलाइन आहे. रेफरन्सला लागतो, हात लावू नका."

'हात लावू नका' म्हटल्यावर मला राहवलं नाही.

झेडएफएसमध्ये झेडपूल हिस्ट्री अशी एक कमांड आहे. पूलवर, म्हणजे डिस्कच्या सगळ्या साठ्यावर, कुणी कधी काय केलं, त्याची तारीखवार नोंद ती दाखवते. रोजच्या स्नॅपशॉटच्या ओळींमागून ओळी होत्या. क्लोनची ओळ एकच, जूनमधली.

मग नऊ पीडीएफ शेजारी शेजारी उघडल्या. डीएफमधला वापर जूनमध्ये ६१ टक्के, ऑगस्टमध्ये ६१, दिवाळीतही ६१. मूळ सर्व्हर तोवर ७८ वर गेला होता. एका स्क्रीनशॉटवर गुरुवार सकाळी ११:४० ची वेळ होती. त्या गुरुवारी महावितरणनं दुरुस्तीसाठी दहा ते चार वीज बंद ठेवली होती, आणि टेस्ट सर्व्हर इन्व्हर्टरवर नाही. बंद यंत्रावर माउंट करणारा हा पहिलाच तज्ज्ञ असावा.

लॉगिन त्याचं असलं तरी यंत्र आमच्याच खोलीत होतं. कीबोर्ड लावला, सिंगल युजर मोडमधून पासवर्ड बदलला. एफएसटॅबमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना काय जोडायचं त्या यादीत, जूनच्या क्लोनची ओळ होती. वीज आली की तो आपोआप जोडला जायचा, आणि साहेब फक्त तारीख बदलायचे.

मग मी ताजा क्लोन जोडून पाहिला. माउंट होईना. कर्नलच्या नोंदीत डुप्लिकेट यूयूआयडी, म्हणजे तोच ओळखक्रमांक दुसऱ्यांदा. एकाच व्हॉल्यूमचे (स्टोरेजमधल्या आभासी डिस्कचे) दोन क्लोन म्हणजे त्यावरच्या एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या लेखी एकाच ओळखपत्रावर आलेली दोन माणसं. पहिला बसलेला असताना 'नोयूयूआयडी' हा पर्याय दिल्याशिवाय तो दुसऱ्याला आत घेत नाही. नऊ पीडीएफमध्ये हा शब्द कुठेच नाही.

खरा धक्का यानंतरचा. तो पर्याय देऊन माउंट केलं, पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू केला, आणि तो उठलाच नाही. वैध चेकपॉइंटची, म्हणजे 'इथवरचं सगळं डिस्कवर उतरलं' या खुणेची, नोंद सापडत नाही म्हणे. डेटाबेसचा डेटा एका व्हॉल्यूमवर, त्याची वॉल, म्हणजे प्रत्येक बदल आधी टिपणारी नोंदवही, दुसऱ्यावर. जुलैत कुणीतरी शेड्यूल बदललं होतं. वॉलचा स्नॅपशॉट दोनला आणि डेटाचा सव्वादोनला. मध्ये चेकपॉइंट झाला की डेटा ज्या नोंदीकडे बोट दाखवतो, ती वॉलच्या प्रतीत नसतेच. म्हणजे जुलैपासूनच्या स्नॅपशॉटवर आमचा काहीच भरवसा नव्हता. त्या काळात मूळ सर्व्हर बसला असता तर? सर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. आता दोन्ही व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट एकाच रिकर्सिव्ह कमांडनं, एकाच क्षणी निघतो. ऑगस्टमध्ये कुणी खरंच तपासलं असतं, तर ऑगस्टमध्येच कळलं असतं. १,६२,००० रुपयांपेक्षा मला हे जास्त झोंबतं.

तो आधी म्हणाला, "बेसलाइनवरच तपासतात मॅडम, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही." झेडपूल हिस्ट्रीची प्रिंट पाठवल्यावर फोन बंद. वकिलांमार्फत नोटीस गेली आहे. आपल्या तोंडात अजून चारशेवीस असलं, तरी १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, एवढं शिक्षण त्यातून झालं. त्याची लॉगिनची की (किल्ली) रद्द केली, जूनचा क्लोन पुसला. आता टेस्ट सर्व्हरच्या दोन कीज आहेत, त्यातली एक माझी. चाचणी संपली की क्लोन त्याच दिवशी पुसायचा.

आणखी एक गोष्ट सुरू केली. स्नॅपशॉट निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मूळ डेटाबेसमधल्या एका चाचणीच्या खात्यात मनाला येईल ती ओळ लिहिते आणि कुणालाच सांगत नाही. तपासणाऱ्यानं क्लोनमधून ती वाचून कळवायची, मगच बिल. गेल्या वेळी लिहिलं होतं, 'नळस्टॉपला मेट्रोखाली पाणी साचलय.' दुसऱ्या दिवशी नव्या मुलाचा मेसेज आला : ओळ सापडली मॅडम, पण 'साचलंय'वर अनुस्वार हवा.